‘जस्ट अ मिनिट’: पन्नाशी उलटली तरी हा खेळ शिळा का होत नाही?

लघुलहर

बीबीसी रेडिओ ४ वर ‘जस्ट अ मिनिट’ नावाचा अर्ध्या तासाचा विनोदी खेळ लागतो. पहिला भाग २२ डिसेंबर १९६७ ला प्रसारित झाला आणि खेळ अजून चालू आहे. इथे ऐकणारे किती जण आहेत माहीत नाही, म्हणून नियम थोडक्यात सांगतो.

चार खेळाडू आणि एक अध्यक्ष. अध्यक्ष एकाला विषय देतो, समजा ‘माझी छत्री’. त्यावर त्याने एक मिनिट बोलायचं. न अडखळता, एकदा वापरलेला शब्द पुन्हा न वापरता, विषय न सोडता. बाकीचे तिघे टपून बसलेले असतात. चूक सापडली की बझर. हरकत बरोबर ठरली तर एक गुण आणि उरलेली सेकंदं हरकत घेणाऱ्याची. चुकीची ठरली तर गुण बोलणाऱ्याला, आणि तो पुढे बोलत राहतो. साठ सेकंद भरली की शिट्टी वाजते, त्या क्षणी ज्याच्या तोंडी विषय असेल त्याला आणखी एक गुण. विषयाच्या चिठ्ठीवर जे शब्द असतात ते मात्र कितीही वेळा वापरायची मुभा.

झालं. पाहुण्यांच्या मुलाखती नाहीत, चालू घडामोडी नाहीत, गाणी नाहीत. सुरुवातीला शोपँचा ‘मिनिट वॉल्ट्झ’ पियानोवर वाजतो, तेवढंच काय ते संगीत. एवढ्याशा भांडवलावर हे इतकी वर्षं कसं काय टिकलं?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला झोडपायला सोपं जाईल. सलग मिनिटभर बोलून दाखवण्याचं कौतुक असतं, नाही असं नाही. एकही हरकत न येता मिनिट पुरं केलं तर जादा गुण मिळतो आणि टाळ्याही पडतात. पण हसू येतं ते बझर वाजल्यावर. घड्याळ थांबतं आणि खटला उभा राहतो. श्वास घेतला की अडखळला? छत्रीवरून आजीवर गेला ते विषयांतर की आजीच्या हातात छत्री होती? गुणांना काडीची किंमत नाही, बक्षीस काही नाही, आणि तरी प्रत्येक जण असा भांडतो की जणू सातबाऱ्यावरचं नाव जाणार आहे. लोक ऐकतात ते भाषणासाठी नाही, हरकतींसाठी.

तुम्हाला काय वाटतं?

निमूट

वा! कुठला विषय काढलात.

आमच्या पिढीने हे वर्ल्ड सर्व्हिसवर ऐकलं, शॉर्टवेव्हवर. कार्यक्रम अर्धा आणि खरखर अर्धी. पण केनेथ विल्यम्सचा आवाज त्या खरखरीलाही पुरून उरायचा. ‘कॅरी ऑन’ चित्रपटांमुळे तिकडे तो घराघरात माहीत होता. आम्हाला तो कसा दिसतो याचा पत्ता नव्हता, नुसता आवाज माहीत. नाकात जायचा, मध्येच खर्जात उतरायचा, मध्येच किंचाळायचा. एकेक स्वर असा ताणायचा की एका शब्दात दोन-तीन सेकंदं आरामात खर्ची पडत. याला अडखळणं म्हणायचं की नाही? तोंड तर चालूच आहे!

त्या काळचे चौघे म्हणजे विल्यम्स, क्लेमंट फ्रॉइड, डेरेक निमो आणि पीटर जोन्स. चौघांची चार घराणी. फ्रॉइड म्हणजे सिग्मंड फ्रॉइडचा नातू. आचारी, खाद्यलेखक आणि पुढे लिबरल पक्षाचा खासदार. त्याची युक्ती म्हणजे यादी. विषय काहीही असो, तो संथ आवाजात वस्तूंची नावं घेत सुटायचा. यादीत पुनरुक्ती होत नाही, विषय सुटत नाही, आणि सेकंदं जात राहतात. शिवाय शिट्टीला दोन सेकंद उरेपर्यंत गप्प बसायचं आणि मग बझर दाबायचा, हा त्याचा हातखंडा. बाकीच्यांनी रान नांगरायचं आणि सुगीला हा हजर. निमो नाटक कंपनी घेऊन आखातात, पूर्वेकडे फिरलेला, त्यामुळे त्याच्याकडे प्रवासाचे किस्से. आणि जोन्स पुटपुटत बोलणारा, स्वतःलाच कंटाळल्यासारखा. मला सगळ्यांत आवडायचा तो जोन्स. त्याला जिंकायचंच नसायचं.

त्याच सुमारास ‘माय वर्ड’ नावाचा दुसरा कार्यक्रमही ऐकू यायचा, फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन यांचा. तो १९८८ पर्यंत चालला. त्यात शेवटी एखादी म्हण घेऊन तिच्यावर लांबलचक रचलेली गोष्ट असायची. तीही छान, पण ती घरून तयार करून आणल्यासारखी वाटे. इथे कुणाला तयारीला वाव नाही, तोच फरक.

गवती चहा

वाचतेय. एक शंका. ‘आणि’, ‘मी’ असले शब्द परत आले तर? मग कुणी चार वाक्यंही बोलू शकणार नाही.

लघुलहर

@गवती चहा, बारीकसारीक शब्दांकडे काणाडोळा करतात. पण फारच वेळा आले की कुणीतरी बझर दाबतोच, आणि मग अध्यक्ष लोकांचा कौल बघून ठरवतात. एकवचन आणि अनेकवचन वेगळे शब्द धरतात. सगळ्यांत खवचट हरकत म्हणजे कुणी बोलण्याच्या ओघात ‘बीबीसी’ म्हणालं की ‘बी’ दोनदा आला! आणि ती मान्य होते. स्वतःच्या मालकाचं नाव घेतलं तरी गुण जातो.

लीड्सकर

माझ्याकडून थोडा इतिहास, कारण त्याशिवाय अध्यक्षाची गंमत कळत नाही.

खेळ काढला इयान मेसिटर यांनी. ते शेरबर्न शाळेत होते तेव्हा वर्गात त्यांची तंद्री लागलेली पाहून पार्सिव्हल पॅरी-जोन्स नावाच्या मास्तरांनी त्यांना फर्मावलं: गेल्या मिनिटात मी जे शिकवलं ते न अडखळता, पुनरुक्ती न करता म्हणून दाखव. पुढे बऱ्याच वर्षांनी १३ नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर बसलेले असताना मेसिटर यांना हे आठवलं आणि त्यातून खेळ सुचला. विषयांतराचा नियम आणि गुणांची पद्धत ही त्यांची स्वतःची भर. १९५१ मध्ये ‘वन मिनिट प्लीज’ या नावाने तो आधी रेडिओवर येऊनही गेला होता. म्हणजे १९६७ ची ही दुसरी आवृत्ती.

आता निकोलस पार्सन्स. त्यांना अध्यक्ष व्हायचंच नव्हतं, खेळाडू म्हणून बसायचं होतं. अध्यक्षपद जिमी एडवर्ड्स यांना द्यायचं घाटत होतं, पण रविवारी त्यांना सवड नव्हती. म्हणून नमुन्याच्या भागापुरते पार्सन्स बसले. तो भाग बीबीसीच्या वरच्या मंडळींना पसंत पडला नाही. निर्माते डेव्हिड हॅच हट्टाला पेटले, राजीनाम्याची भाषा झाली, तेव्हा कुठे मालिका मिळाली. हे पार्सन्सच सांगत. तात्पुरते बसलेले हे गृहस्थ मग ५० वर्षं एकही रेकॉर्डिंग चुकवत नाहीत! २०१८ मध्ये पहिल्यांदा गैरहजर राहिले, तेव्हा गाइल्स ब्रँड्रेथ त्यांच्या जागी बसले. जानेवारी २०२० मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी पार्सन्स गेले, तोवर तेच अध्यक्ष होते.

लघुलहर, तुमच्या ‘हरकतींचा खेळ’ या म्हणण्याला माझी पुरवणी अशी, की हरकती रंगतात कारण न्यायाधीश कच्चा आहे. पार्सन्स तरुणपणी क्लाइडच्या काठी इंजिनियरिंगची उमेदवारी करून नट झालेले. टीव्हीवर आर्थर हेन्सबरोबर त्यांचं काम काय, तर समोरच्याने विनोद करायचा आणि यांनी गंभीर चेहऱ्याने तो झेलायचा. तेच त्यांनी इथे केलं. नीटनेटके, अदबशीर, किंचित घाबरलेले. खेळाडू त्यांच्या वयावरून, कपड्यांवरून, निकालांवरून त्यांची टर उडवणार, आणि ते ‘मी शक्य तितका न्याय्य निर्णय देतोय हो’ अशा सुरात उत्तर देणार. खमक्या अध्यक्ष असता तर वाद दोन सेकंदांत मिटला असता, आणि कार्यक्रम दोन वर्षांत.

आणखी एक बारकावा. एखादी हरकत चुकीची असली पण लोक हसले, तर ते हरकत घेणाऱ्याला बक्षीस गुण द्यायचे आणि बोलणाऱ्यालाही द्यायचे, कारण त्याला व्यत्यय आला! असलं न्यायालय दुसरीकडे कुठे सापडणार नाही.

अर्धविराम

मी जरा वेगळा सूर लावतो.

हे सगळं गोड आहे, पण यातला किती भाग खेळाचा आणि किती भाग आपल्या इंग्रजी-भक्तीचा? साहेब मिनिटभर न अडखळता बोलला की आपण माना डोलावणार. आपल्याकडे गावोगावी कीर्तनकार तासभर न अडखळता बोलतात, त्यांचं कुणाला काही नाही. शिवाय पहिली दोनेक दशकं हा एका विशिष्ट क्लबचाच खेळ होता. तेच चार पुरुष, तेच उच्चार, तेच एकमेकांचे लाड. बाई पाहुणी म्हणून आली की विल्यम्स महाशय बायकांना कार्यक्रमात घेऊच नये म्हणून नाटकी त्रागा करणार, आणि प्रेक्षक हसणार. आज ऐकवत नाही. टिकला म्हणजे चांगलाच असेल असं कुठे आहे? ब्रिटिशांना जुनी गोष्ट मोडवत नाही, एवढंच.

निमूट

@अर्धविराम, कीर्तनकाराला बझर नसतो हो. कीर्तनात ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हटलं की लगेच पुनरुक्ती.

मोरपंखी

अर्धविराम यांचा निम्मा मुद्दा मला मान्य आहे. जुने भाग ऐकताना ते क्लबपण जाणवतं. पण बायका म्हणजे नुसत्या पाहुण्या, हे बरोबर नाही. शीला हँकॉक पहिल्या काही वर्षांपासून खेळत आल्यात, आणि विल्यम्सच्या तोंडावर त्याला गप्प करत आल्यात. अँड्री मेली, एमी मॅक्डॉनल्ड होत्या. पुढे लिंडा स्मिथ, जेनी एक्लेअर, जोसी लॉरेन्स. आणि २०२१ पासून अध्यक्षच सू पर्किन्स आहेत. लिंडा स्मिथचे भाग मिळाले तर जरूर ऐका. ती २००६ मध्ये फार लवकर गेली.

आणि ‘जुनं मोडवत नाही’ म्हणून टिकला, हेही पटत नाही. विल्यम्स १९८८ मध्ये गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता संपलं. त्याच्याविना कोण ऐकणार? मग पॉल मर्टन आला. टूटिंगच्या रोजगार कार्यालयात नोकरी केलेला, अस्सल लंडनी बोलीचा, त्या क्लबशी काडीचा संबंध नसलेला माणूस. त्याने खेळ पार वेगळ्याच रस्त्याने नेला. विषय दिला ‘माझी बाग’ तर हा तिसऱ्या वाक्याला नेपोलियनबरोबर चहा पीत असणार. आणि कुणी विषयांतराची हरकत घेतली तर शांतपणे म्हणणार, चहा बागेतच चाललाय. नियम तेच राहिले, विनोदाची जात बदलली. माणसं बदलूनही खेळ उभा राहतो याचं श्रेय मी नियमांना देते. तीनच आहेत, आणि तिन्ही प्रत्येकाला आपापल्या स्वभावाप्रमाणे मोडता येतात.

बेंचवरचा

थांबा थांबा. हा तोच ‘जॅम’ का, ‘जस्ट अ मिनिट’च्या आद्याक्षरांचा, जो कॅम्पस प्लेसमेंटला असतो?

आमच्या वेळी एका कंपनीने घेतला होता. लेखी परीक्षेनंतर गटचर्चेऐवजी ‘जॅम राउंड’. विषय आला ‘पाणी’. बोर्डावर घड्याळ लावलेलं, समोर एचआरच्या मॅडम. वीस सेकंदांनी ‘वॉटर इज लाइफ’ तिसऱ्यांदा म्हणून झालं आणि मग काही आठवेना. कुणी हसत नव्हतं, सगळ्यांचे हात गार पडलेले. हा विनोदी खेळ आहे हे मला आत्ता, हा धागा वाचून कळतंय!

लघुलहर

😂 @बेंचवरचा, बझर काढून घेतला आणि नोकरी पणाला लावली की उरतं ते तोंडी परीक्षेसारखंच. माझ्या मुद्द्याला याहून चांगला दाखला मिळाला नसता.

ताराबाई पार्क

इथे मला बोललंच पाहिजे. मी कॉलेजात जॅम खेळले आहे आणि नंतर जॅम मास्टर, म्हणजे आपल्याकडचा अध्यक्ष, म्हणून बसलेही आहे.

आपल्याकडे कॉलेज फेस्टिव्हलांमध्ये हा खेळ इतका मुरला आहे की खेळणाऱ्या बऱ्याच पोरांना तो रेडिओवरून आला हेच माहीत नसतं. मुंबईत मूड इंडिगो, मल्हार. चेन्नईच्या सारंगमध्ये तर ते फारच मोठं प्रकरण. पण आपण त्याचं काय केलं ते ऐका. मूळ तीन नियम, आपण त्याला शेपट्या लावल्या. व्याकरणाची चूक, उच्चाराची चूक, वेग कमी झाला, वेग जास्त झाला, तर्क चुकला, हावभाव केले. हरकत नीट शब्दांत मांडली नाही तर त्या हरकतीवर हरकत. चारऐवजी सहाजण बसलेले, एखादा बापडा चार सेकंदंही बोलू शकत नाही. आणि जॅम मास्टर म्हणजे पार्सन्सच्या अगदी उलट. पार्सन्स सगळ्यांच्या टपल्या खातो, आपला जॅम मास्टर सगळ्यांना टपल्या मारतो. तो वाटेल त्याला वाटेल तितके गुण देणार, कापणार, आणि त्याचा शब्द अखेरचा. मीही तेच करायचे. मजा यायची, खोटं कशाला बोलू? पण खेळ संपल्यावर निम्मे जण खरोखर दुखावलेले असायचे, विशेषतः ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं. व्याकरणाची हरकत बहुतेक वेळा त्यांच्यावरच यायची.

म्हणून मला लीड्सकर यांचं पटतं. कच्चा न्यायाधीश हाच त्यातला मसाला आहे. तो पक्का केला की खेळाची स्पर्धा होते.

अर्धविराम

@ताराबाई पार्क, नेमकं हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही जास्त चांगलं मांडलंत. खेळ त्यांचा, पण आपल्या हातात पडल्यावर तो कुणाचं इंग्रजी किती साहेबी याची चाळणी झाला. यात खेळाचा दोष कमी, आपला जास्त. मग मूळ कार्यक्रमावरचा माझा राग थोडा कमी करतो. थोडाच.

लीड्सकर

यावरून आठवलं. २०१२ मध्ये ४५ वर्षं झाली तेव्हा ‘जस्ट अ मिनिट’ मुंबईत आला होता! लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात तेव्हा ‘द कॉमेडी स्टोअर’ होतं, तिथे दोन भाग रेकॉर्ड झाले. इकडून पॉल मर्टन आणि मार्कस ब्रिगस्टॉक, तिकडून सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल. पार्सन्स तेव्हा ८८ वर्षांचे. भारतात हा खेळ इतका का खेळला जातो हे बघायला ते आले होते, त्यावर रेडिओसाठी वेगळा कार्यक्रमही केला.

ते दोन्ही भाग ऐकताना गंमत वाटली ती मुंबईच्या प्रेक्षकांची. लंडनचे प्रेक्षक हसतात आणि निकालाची वाट बघतात. मुंबईचे प्रेक्षक पुनरुक्ती पकडायला खेळाडूंइतकेच टपलेले. अर्थात! अर्धं सभागृह कॉलेजात हे खेळून आलेलं असणार.

गवती चहा

सायरस ब्रोचा आणि न अडखळता? 😀 ऐकायलाच हवं.

हे व्हिडिओवर नाही का? सगळं आवाजातच कसं काय कळतं?

लघुलहर

टीव्हीवर आणून पाहिला त्यांनी, एकदा नव्हे. १९९४-९५ मध्ये आयटीव्हीवर, १९९९ मध्ये बीबीसीवर, २०१२ मध्ये बीबीसी टू वर. कधीच रुजला नाही. एवढे गाजलेले खेळाडू, तोच खेळ, तेच अध्यक्ष.

मला यामागे एक साधं कारण दिसतं. रेडिओवर शांतता ऐकू येते. वक्ता अर्ध्या सेकंदासाठी थांबला की कानाला खड्डा लागतो, आणि ऐकणाऱ्याचा अंगठा आपोआप हवेतल्या बझरवर जातो. टीव्हीवर तो अर्धा सेकंद चेहरा भरून काढतो. भुवई वर जाते, हात हलतो, आपण ते बघत बसतो. अडखळणं हा कानाचा गुन्हा आहे, डोळ्यांना त्याचा पुरावा दिसत नाही. पुनरुक्तीचंही तसंच. एकदा आलेला शब्द लक्षात ठेवायचा तर डोळे रिकामे हवेत. मी तर हा कार्यक्रम भांडी घासताना ऐकतो आणि फेसाळ हातांनी हरकती घेतो.

हशाबद्दलही एक अलिखित सोय आहे. लोक हसत असतील तर थांबायला परवानगी, त्याला अडखळणं धरत नाहीत. पण हसू ओसरायला लागलं की लगेच पुढचा शब्द तोंडातून यायला हवा. मुरलेले खेळाडू त्या लाटेवर स्वार होऊन फुकटची सेकंदं कमावतात, नवखे हसू ओसरल्यावर अडकतात.

मोरपंखी

नियमांवरून आठवलं. याच रेडिओ ४ वर १९७२ पासून ‘आय ॲम सॉरी आय हॅव्हन्ट अ क्लू’ नावाचं याचं भावंड आहे, आणि स्वभावाने बरोबर उलटं. ग्रॅम गार्डनने सुचवलेलं, हम्फ्री लिटल्टन नावाचा जॅझचा ट्रंपेटवाला २००८ मध्ये मरेपर्यंत त्याचा अध्यक्ष. एका गाण्याचे शब्द दुसऱ्याच्या चालीवर गायचे, असले उद्योग. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध खेळ ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’. खेळाडू आळीपाळीने लंडनच्या स्थानकांची, रस्त्यांची नावं घेतात, आणि जो शेवटी ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’ म्हणतो तो जिंकतो. मग पहिल्याच खेपेला का म्हणू नये? तर नियम आहेत म्हणून. कुठले? ते कुणी सांगत नाही, कारण नाहीतच! पण मध्येच कुणीतरी फार गंभीरपणे आक्षेप घेतो की ही चाल अमुक सुधारणेनुसार बाद आहे.

हे स्थानक खरंच आहे. १९९२ मध्ये बंद पडलं होतं, १९९८ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा कार्यक्रमातल्या मंडळींना समारंभाला बोलावलं होतं. विली रश्टन या दिवंगत खेळाडूच्या नावाची पाटी आहे तिथे.

म्हणजे एका कार्यक्रमात खऱ्या नियमांवरून खोटी भांडणं आणि दुसऱ्यात खोट्या नियमांवरून खोटी भांडणं. दोन्ही पन्नास वर्षांच्या पुढे. नियमाचं इतकं वेड असलेला आणि त्यावर इतकं हसणारा समाज दुसरा नसेल.

निमूट

आपल्या आकाशवाणीवर असं काही झालं नाही याची मला खंत आहे. ‘पुन्हा प्रपंच’मध्ये नीलम प्रभूंच्या मीना वहिनी, प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी, बाळ कुडतरकरांचे पंत, आवाजांची जान तीच. त्यांचा आवाज आला की घरातलंच कुणी आल्यासारखं वाटे. पण ती लिहिलेली श्रुतिका. चार बोलघेवडी माणसं बिनासंहितेची मायक्रोफोनसमोर सोडून द्यायची, हे धाडस सरकारी रेडिओला परवडणारं नव्हतं. कोण काय बोलून जाईल!

अर्धविराम

मग आपणच खेळू या की. मराठीत. बघू तरी जमतं का.

ताराबाई पार्क

आम्ही घरी करून पाहिलंय. दोन गोष्टी लगेच लक्षात आल्या. एक तर मराठीत पुनरुक्ती टाळणं इंग्रजीपेक्षा सोपं जातं. तिकडे एकवचन-अनेकवचन वेगळं धरतात, त्याच न्यायाने आपण ‘घर’, ‘घरात’, ‘घरून’, ‘घराला’ हे चार शब्द धरले, तर एकाच घरावर निम्मं मिनिट निघतं. माझी सासू यात इतकी तरबेज झाली आहे की ‘आमचं स्वयंपाकघर’ या विषयावर तिने पातेलं, पातेल्यात, पातेल्यावर, पातेल्याखाली असं करत सगळ्यांना झोपवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे वाक्याचा शेवट. ‘आहे’ आणि ‘होतं’ टाळून बोलायचा प्रयत्न करा. दर वाक्याला मरण. मुलं त्यावर तोडगा म्हणून क्रियापद गाळूनच बोलायला लागली. ‘सकाळची वेळ, गॅसवर चहा, दारात दूधवाला’ असं, नवकवितेसारखं.

निमूट

‘आहे’ला माफी द्यावी. त्यांनी ‘आणि’ला दिली तशी.

अर्धविराम

हरकत! माफी दिली तर आव्हान काय उरलं? तीन वेळा चालेल, चौथ्यांदा बझर.

लीड्सकर

तीन का? पार्सन्सनी कधीही आकडा ठरवला नाही, म्हणून तर वाद व्हायचे. अध्यक्षांवर सोडा. आणि विभक्ती वेगळी धरायची असेल तर ‘पातेलं, पातेल्यात’ एवढंच चालावं. तिसऱ्या विभक्तीनंतर ती यादी होते. यादी फ्रॉइडला शोभायची, सासूबाईंना नको.

ताराबाई पार्क

सासूबाईंना सांगते हं तुमचा निरोप. त्या खेळणार आहेत.

गवती चहा

मी अध्यक्ष होऊ का? मला नियम नीट कळलेले नाहीत आणि मी कुणाला दुखवू शकत नाही. धागा वाचून वाटतंय तेवढं पुरे.

लघुलहर

गवती चहा अध्यक्ष, बिनविरोध. रविवारी रात्री ९ वाजता भारतीय वेळ, लीड्सकरांच्या दुपारी. ऑडिओवर, कॅमेरे बंद. चौघे खेळाडू: अर्धविराम, निमूट, मोरपंखी, ताराबाईंच्या सासूबाई. वेळ मी लावतो. पहिले विषय ‘चष्मा कुठे ठेवला’ आणि ‘दिवाळीचा फराळ’.

बेंचवरचा, तुम्हाला ‘पाणी’ परत देऊ का?

बेंचवरचा

द्या. या वेळी नळापासून सुरुवात करतो. शिट्टी कुणाकडे आहे?

लघुलहर

माझ्याकडे नाही. कुकरची चालेल का?

अर्धविराम

नाही चालणार. ती अडखळते.